क्रीचर-बॅटल गेमचे रूल आणि अरीना: फाइट दोन राउंडमध्ये संपू नये आणि अरीना नुसतं मागचं चित्र होऊ नये यासाठी

तुझा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही कोथरूडचे पाच जण मिळून पोकेमॉनच्या धर्तीवर पण आपल्याकडच्या प्राण्यांचा, टेबलावर बसून डाइसने खेळायचा रोल-प्लेइंग गेम बनवताय. बारा टाइप (पाणी, विस्तव असे प्राण्यांचे प्रकार) आणि साठेक क्रीचर लिहून झालेत. पण फाइट सुरू झाली की दोन राउंडमध्ये निकाल लागतो, आणि मजा यावी म्हणून पुण्यातल्या जागांच्या अरीना टाकल्या तर रूल इतके वाढले की खेळ थांबवून वही चाळत बसावं लागतं. आता अरीना काढून टाकू की टाइप कमी करू, असं विचारलंयस.

मी पुण्यात बरीच वर्षं टेबलटॉप गेम चालवतोय, आधी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) आणि नंतर जास्त करून असेच प्राण्यांच्या फाइटचे घरी बनवलेले गेम, त्यामुळे सरळ सांगतो, अरीना ठेव, टाइप कमी कर. आणि अरीनेचा प्रत्येक रूल लिहिताना एकच गोष्ट तपासायची, की हा रूल खेळणाऱ्याला "आता मी काय करू" याचा विचार बदलायला लावतो का, का नुसता आकडा बदलतो. "नदीत पाणी टाइपला प्लस दोन" हा आकडा आहे. पाणीवाला ते प्लस दोन घेतो, समोरचा गप मार खातो, कोणी काही वेगळं करत नाही. असले दहा रूल लिहिलेस तरी फाइट तीच राहते, फक्त बेरीज वाढते.

आधी टाइप बघू, कारण अरीना त्याच्यावर उभी राहते. बारा टाइप म्हणजे बारा गुणिले बारा, १४४ घरांचा तक्ता. पोकेमॉनचे पहिले गेम १९९६ ला आले तेव्हा १५ टाइप होते आणि आता १८ आहेत, म्हणजे ३२४ घरं, पण तिथं हिशोब मशीन करतं, तुमच्या टेबलावर तो माणूस करणार आहे आणि तोही वडापाव खात गप्पा मारत. सहा टाइप घ्या. मी जे वापरतो ते असे गोल मांडायचे: पाणी, विस्तव, कीटक, विष, रान, माती, आणि मातीनंतर परत पाणी. रूल एकच, प्रत्येक टाइप आपल्या पुढच्या दोघांना भारी. पाणी विस्तवाला आणि कीटकाला भारी. विस्तव कीटकाला आणि विषाला भारी. कीटक विषाला भारी (रुईच्या विषारी पानांवर वाढणाऱ्या अळ्या आठव) आणि रानाला भारी, कारण तो ते खातो. विष रानाला आणि मातीला, रान मातीला आणि पाण्याला, माती पाण्याला आणि विस्तवाला. एक षटकोन काढून कार्डावर छापला की संपलं, तक्ता लागतच नाही.

आता यात प्रत्येकाच्या बरोबर समोर एक टाइप उरतो ज्याच्याशी त्याचं नातं काहीच नाही. पाण्यासमोर विष, विस्तवासमोर रान, कीटकासमोर माती. तुमच्यातला कोणीतरी लगेच म्हणणार, अरे विस्तव आणि रान बरोबरीत कसे, आग लागली तर जंगल जळतंच की. बरोबर आहे, पण मे महिन्यात जळतं, जुलैत ओलं रान पेटत नाही. म्हणून या तीन जोड्यांचा निकाल टाइपच्या षटकोनात लिहायचाच नाही, तो अरीनेच्या कार्डावर लिहायचा. प्रत्येक अरीनेच्या कार्डाच्या डोक्यावर तीन बाण: इथं विस्तव भारी का रान, पाणी का विष, कीटक का माती. वाहत्या पाण्यात विष पातळ होतं, तिथं पाणी भारी, साचलेल्या डबक्यात विष भारी. भेगाळलेल्या कोरड्या जमिनीत किडे लपतात, तिथं कीटक भारी, चिखलात पाय रुततात, तिथं माती भारी. या एका बदलाने अरीना गेमच्या आत येते, वरून चिकटवल्यासारखी वाटत नाही, आणि लक्षात ठेवायला फक्त तीन बाण.

आता दोन राउंडमध्ये निकाल का लागतो ते. तुम्ही बहुतेक पोकेमॉनसारखा दुप्पट-निम्मा हिशोब ठेवलाय, त्यात दोन टाइपचा प्राणी आला की चौपट होतं, शिवाय स्वतःच्या टाइपचा हल्ला असला की दीडपट, आणि वर अरीनेचं काहीतरी. व्हिडिओ गेममध्ये हे चालतं कारण तिथं एचपी (प्राणी पडेपर्यंत किती मार खाऊ शकतो तो आकडा) शेकड्यात असतात आणि टीम सहाची असते. टेबलावर गुणाकार नकोच, डाइसची शिडी वापर. डी-फोर, डी-सिक्स, डी-एट, डी-टेन, डी-ट्वेल्व, म्हणजे चार, सहा, आठ, दहा आणि बारा बाजूंचे डाइस. साधा हल्ला डी-एट अधिक प्राण्याची ताकद, समज ताकद २. टाइप भारी असेल तर शिडीवर दोन पायऱ्या वर म्हणजे डी-ट्वेल्व, टाइप हलका असेल तर दोन पायऱ्या खाली म्हणजे डी-फोर. एचपी २४ ठेव. सरासरी काढली तर साध्या हल्ल्यात ६.५ जातात, म्हणजे चार हल्ले लागतात, भारी टाइपचे ८.५ म्हणजे तीन, हलक्या टाइपचे ४.५ म्हणजे सहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जास्तीत जास्त जाऊन जाऊन १४ जातात. एका फटक्यात २४ चा प्राणी कधीच पडत नाही. मार खाल्ल्यावर विचार करायला, पळायला, बदली करायला नेहमी एक टर्न मिळतो, आणि अरीना वापरली जाते ती याच टर्नमध्ये. एका फटक्यात मारणारे गेम अरीनेला जागाच देत नाहीत.

अरीनेचा फायदा द्यायचाच असेल तर आकडा वाढवू नकोस, डी अँड डीच्या पाचव्या एडिशनने २०१४ ला जी अॅडव्हांटेजची पद्धत आणली ती घे, डाइस दोनदा टाकायचा आणि मोठा आकडा धरायचा. डी-एटची सरासरी ४.५ असते, दोनदा टाकून मोठा घेतला की ती ५.८ च्या आसपास जाते, म्हणजे फरक जाणवतो पण वरची हद्द तीच राहते, १४ चे २० होत नाहीत. आणि हा फायदा एकावर एक चढत नाही, दोन कारणं असली तरी डाइस दोनदाच. खुद्द पोकेमॉनवाल्यांनी पण २०१९ च्या गेममध्ये टेरेनची (मैदानावर काही टर्न पसरणाऱ्या परिणामाची) ताकद दीडपटीवरून १.३ पट केली.

पोकेमॉनकडून शिकायचं तर तिथले चांगले रूल आणि नुसते आकड्यांचे रूल वेगळे करून बघ. पावसात पाण्याचे हल्ले दीडपट आणि आगीचे निम्मे, हा आकड्याचा भाग. पण थंडर नावाचा हल्ला, जो एरवी शंभरातल्या सत्तर वेळा लागतो, तो पावसात चुकतच नाही आणि कडक उन्हात निम्म्या वेळा चुकतो. सोलर बीमला एरवी एक टर्न थांबून ताकद गोळा करावी लागते, उन्हात तो लगेच सुटतो. ट्रिक रूम नावाच्या वातावरणात पाच टर्न सगळ्यात हळू प्राणी आधी मारतो. हे तिन्ही बघितले की कळेल, इथं खेळणारा वेगळा प्राणी निवडतो, वेगळा हल्ला निवडतो, समोरच्याचे टर्न मोजत बसतो. मला पोकेमॉनच्या सगळ्या वातावरणांत ट्रिक रूम सगळ्यात हुशार वाटतं, कारण त्यात कोणाची ताकद वाढतच नाही, फक्त क्रम उलटा होतो आणि अख्खी टीम त्याच्याभोवती बांधावी लागते.

आणि घड्याळ. अरीनेत काहीतरी सरकत राहिलं पाहिजे. पोकेमॉनमध्ये एक काळ असा होता की काही प्राणी मैदानात आले की नुसत्या येण्यानेच पाऊस सुरू व्हायचा आणि कोणी दुसरं हवामान आणेपर्यंत थांबायचाच नाही, मग २०१० च्या गेमनंतर पावसाच्या टीमनी असा धुमाकूळ घातला की स्मोगनसारख्या (पोकेमॉनच्या स्पर्धांचे नियम ठरवणारा ऑनलाइन गट) स्पर्धा खेळणाऱ्या लोकांना तो पाऊस आणि पावसात दुप्पट वेगाने पळणारे प्राणी एकाच टीममध्ये ठेवायला बंदी घालावी लागली. २०१३ ला पोकेमॉनचे एक्स आणि वाय हे गेम आले तेव्हा तो पाऊसही पाच टर्नवर आणला. कायमचं वातावरण म्हणजे फाइटच्या आधीच लागलेला निकाल. पाच टर्नचं वातावरण म्हणजे "हे संपेपर्यंत तग धरू का आत्ताच घुसू" हा प्रश्न, आणि तो प्रश्न दोघांनाही पडतो.

टर्नचा क्रम मी असा ठेवतो. दोघांकडे चार-चार कार्डं: बदल (मैदानातला प्राणी बदलणं), सरक, हल्ला, डाव. दोघं एकदम उपडी ठेवतात, एकदम उघडतात. आधी बदल होतात, मग सरकणं, मग डाव, मग हल्ले, आणि हल्ल्यात जास्त चपळ तो आधी. डाव म्हणजे प्राण्याची खास सवय वापरणं. यात सरकणं हल्ल्याच्या आधी होतं हे मुद्दाम आहे, त्यामुळे समोरचा मारणार असं वाटलं तर जागा सोडता येते. चौकटींचा नकाशा करू नका, पाच-पाच फुटांचे चौकोन मोजण्यात तुमची संध्याकाळ जाईल. एका ए-फोर कागदावर चार-पाच झोन, बास. एका टर्नला एक झोन सरकता येतं. जवळचा हल्ला त्याच झोनमध्ये लागतो, लांबचा शेजारच्या झोनपर्यंत जातो पण एक पायरी लहान डाइसने.

आणि टीम कधी निवडायची? स्पर्धेच्या पोकेमॉनमध्ये सहा घेऊन येतात आणि समोरच्याचे सहा बघून त्यातले चार उतरवतात. तुम्ही चार आणा आणि तीन उतरवा, पण अरीनेचं कार्ड आधी उघडा, मग प्रत्येकाने तीन निवडायचे. हा क्रम उलटा केला, म्हणजे टीम ठरल्यावर अरीना काढली, तर ती लॉटरी होते आणि हरलेला माणूस रागावतो, तेही बरोबरच. आपल्याकडे कुस्तीत हे सगळ्यांना माहीत आहे, महाराष्ट्र केसरीत माती विभाग वेगळा आणि गादी विभाग वेगळा असतो आणि मग दोन्हीकडचे विजेते किताबासाठी भिडतात, आणि तालमीत वाढलेला कुठलाही पोरगा सांगेल की मातीतला गडी गादीवर तसाच लढत नाही. पण कशावर लढायचंय ते त्याला उतरायच्या आधी माहीत असतं.

आता प्रत्यक्ष अरीना. तुझ्या यादीत बऱ्याच आहेत, मी त्यातल्या तीन नीट लिहून देतो.

नदीपात्र, भिडे पूल. पुण्यात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको, खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की हा पूल पाण्याखाली जातो आणि पात्रातला रस्ता बंद होतो. झोन खालून वर: धार, खडक, पात्रातला रस्ता, पूल, काठ. सुरुवातीला फक्त धार ओली. प्रत्येक राउंडच्या शेवटी डी-सिक्स टाकायचा, एक ते तीन आले तर काही नाही, चार-पाच आले तर पाणी एक झोन वर, सहा आले तर दोन झोन. सरासरीने पाचव्या राउंडच्या शेवटी पाणी तीन-साडेतीन झोन चढतं, म्हणजे फाइट रंगात येते तेव्हा कोरडा फक्त काठ किंवा फार तर पूल आणि काठ. ओल्या झोनमध्ये पाणी टाइप सोडून बाकी कोणालाही दोनच गोष्टी करता येतात: घट्ट धरून बसायचं आणि हल्ला करायचा नाही, किंवा हल्ला करायचा आणि त्यानंतर एक झोन खाली वाहत जायचं. याहून जास्त काही लिहू नकोस. पाणी टाइपला वेगळा बोनस अजिबात नको, त्याला वाहून जायचं नाही हेच पुष्कळ झालं. बाण: पाणी विषाला भारी, रान विस्तवाला भारी, माती कीटकाला भारी. इथं घोरपडीची सवय कामाला येते, ती धरून बसूनसुद्धा जवळचा हल्ला करू शकते, आणि कोरड्या अरीनेत याच सवयीला काही किंमत नसते. खेकड्याने उलट करायचं, पाणी चढायची वाट बघत खाली बसायचं आणि समोरच्याला हल्ला करून वाहत आपल्याकडे यायला लावायचं.

एक गोष्ट मनापासून. तुझ्या यादीत "पानशेत" नावाची अरीना आहे, ती काढून टाक. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा लोकांची घरं आणि माणसं गेली, आणि त्या आठवणी असलेली म्हातारी माणसं पेठांमध्ये अजून आहेत, त्यांचे नातू तुमच्याच टेबलावर बसलेले असू शकतात. दरवर्षी पूल पाण्याखाली जातो तेवढा पूर गेमला भरपूर आहे. तसंच पाताळेश्वर आणि पर्वती, तिथं रोज पूजा होते, त्यामुळे तिथं प्राणी एकमेकांवर आपटवण्यापेक्षा शहराबाहेरची एखादी नाव नसलेली पडकी लेणी बनवा, सगळे रूल तसेच वापरता येतात.

वेताळ टेकडी. हिची खरी गंमत ही की एकाच नकाशाची दोन कार्डं होतात, एक मे, एक जुलै, आणि काम अर्धं वाचतं. झोन: पायवाट, गवत, ग्लिरिसिडियाची झाडी, दगडाची जुनी खाण, खाणीतलं पाणी. मेच्या कार्डावर बाण विस्तवाकडे, विषाकडे (खाणीत पाणी साचलेलं असतं) आणि कीटकाकडे. गवतात किंवा झाडीत असताना विस्तवाचा हल्ला झाला की तो झोन पेटतो. पेटलेल्या झोनमध्ये राउंडच्या शेवटी विस्तव सोडून सगळ्यांचे डी-फोर एचपी जातात आणि पुढच्या राउंडला शेजारचा गवताचा किंवा झाडीचा झोन पेटतो. एकदा जळला की झोन काळा, तो परत पेटत नाही आणि तिथं लपताही येत नाही. आता बघ, नवीन खेळणारा विस्तव घेऊन येतो, पहिल्याच टर्नला आग लावतो, तिसऱ्या राउंडपर्यंत टेकडी काळी पडते आणि त्याच्याकडे काहीच उरत नाही. जाणता खेळणारा आग राखून ठेवतो, समोरच्याला झाडीत लपू देतो आणि मग लावतो. समोरचाही शहाणा असेल तर आपल्याच एखाद्या साध्या विस्तव प्राण्याने आधीच गवत जाळून टाकतो, म्हणजे पुढची आग त्याच्यापर्यंत पोचत नाही, जसे जंगलात वणवा रोखायला जाळपट्टे काढतात. अरीनेवर दोघांचा हात पोचला पाहिजे म्हणतो ते हेच. एकालाच वापरता येईल अशी अरीना असेल तर दुसरा माणूस प्रेक्षक होतो.

जुलैच्या कार्डावर तिन्ही बाण उलटे. आग लागत नाही, पायवाट निसरडी, तिथून सरकायचं तर डी-सिक्सवर एक आला की जागेवरच घसरलात, टर्न गेला. झाडीत रान टाइप लपू शकतो, लपलेल्यावर लांबचा हल्ला लागत नाही. एवढंच.

तिसरी, लेणी, अंधार. हिला सगळ्यात जास्त वेळ दे, मला स्वतःला हीच सगळ्यात आवडते. दिशा कळत नाही, म्हणून नकाशावर सोंगट्या ठेवायच्याच नाहीत. प्रत्येकाने आपला झोन चिठ्ठीवर लिहायचा आणि सरकला की बदलायचा. हल्ला प्राण्यावर नाही, झोनवर जाहीर करायचा, तिथं कोणी नसेल तर वाया. झोन पाच: तोंड, मंडप, डावे खांब, उजवे खांब, गाभा. पाच झोनमध्ये आंधळेपणाने मारलं तर पाचात एकदा लागेल, म्हणून खरी फाइट माहिती काढण्याची होते, आणि इथं प्राण्यांच्या सवयी अशा फुलतात की बास. वटवाघूळ प्रत्येक टर्नला एका झोनबद्दल विचारू शकतं, तिथं कोणी आहे का, आणि खरं उत्तर द्यावं लागतं. काजवा डाव खेळला की अख्खी लेणी उजळते, दोघांच्या चिठ्ठ्या उघडतात, स्वतःचीसुद्धा, म्हणजे तो कधी वापरायचा हाच मोठा निर्णय. टिटवीच्या शेजारच्या झोनमध्ये कोणी आलं की तिला कळतं आणि तिने ते ओरडून सांगावंच लागतं, त्यामुळे तीही कुठं आहे ते कळतं. आणि फुरसं. खरं फुरसं अंगाचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करतं, तर गेममध्ये त्याने आपला झोन जाहीर करायचा आणि त्या बदल्यात त्याच्या झोनमध्ये जो पाऊल टाकेल त्याला पहिला फटका फुरशाचा. दिसतंय कुठं आहे ते, पण जवळ जायची हिंमत कोण करणार? लेणीचं घड्याळ असं की चौथ्या राउंडनंतर उजाडतं, तोंडाच्या झोनपासून सुरू होऊन दर राउंडला एक झोन उजळतो, आणि उजेडातल्याला चिठ्ठी दाखवावी लागते. चौथ्याच्या आधी बंद करू नकोस, लोकांना लपाछपी आवडते, आणि त्यानंतर लांबवूही नकोस.

हे बघून तुझ्या साठ प्राण्यांकडे परत बघ. शेकरूला तू "फास्ट अटॅक, प्लस तीन" दिलंयस. शेकरू आपला राज्यप्राणी, भीमाशंकरच्या जंगलात एका झाडावरून दुसऱ्या झाडावर लांब उड्या मारत जातो, जमिनीवर फारसा उतरत नाही. त्याला प्लस तीन कशाला? त्याला लिही की झाडीच्या झोनमधून शेजारच्या झोनमध्ये सरकणं फुकट, म्हणजे सरकून त्याच टर्नला हल्लाही करता येतो. टेकडीवर तो राजा, नदीपात्रात बिचारा. प्रत्येक प्राण्याला एक टाइप, तीन आकडे (एचपी, ताकद, चपळाई) आणि एकच सवय, आणि ती सवय निदान एका अरीनेत खूप कामाची आणि एका अरीनेत बिनकामाची असली पाहिजे. जी सवय सगळीकडे सारखीच चालते ती सवय नव्हे, तो पण एक आकडाच. या चाळणीतून साठातले वीस-पंचवीस उरतील, तेवढे पुरे आहेत.

बाकीच्या अरीनांबद्दल भरभर. शनिवारवाडा ठेव, १८२८ च्या आगीत वरचं बांधकाम गेलं आणि आता आत नुसती जोती आहेत, म्हणून उंच-सखल झोन आपोआप मिळतात, आणि दिल्ली दरवाजात एका वेळी एकच प्राणी मावतो एवढा एक रूल पुरतो. मंडई चांगली आहे पण तिथं एचपी संपवणं हे ध्येय ठेवू नकोस, पेट्या पळवायची शर्यत ठेव, जो तीन पेट्या बाहेर काढेल तो जिंकला, आणि पेटी फोडली की ती दोघांच्याही कामाची नाही. तुळशीबाग आणि मंडई दोन्ही नकोत, रूल जवळजवळ तेच होणार. झेड ब्रिज काढून टाक, नदीपात्र आहेच. आणि एक साधा आखाडा ठेवच, लाल माती, एकच झोन, बाण नाहीत, घड्याळ नाही. नवीन माणसाला पहिली फाइट नेहमी तिथं खेळायला द्यायची, आणि दोन प्राण्यांचे आकडे बरोबर आहेत का हे बघायचं असेल तर तेही तिथंच, कारण बाकी काही आड येत नाही.

वादाचे रूल आधी लिहून ठेवा नाहीतर मैत्री ताणली जाते. एका टीममध्ये एक प्राणी एकदाच. झोपवणारे डाव असतील तर समोरच्याचा एका वेळी एकच प्राणी झोपलेला असू शकतो. हल्ले चुकवण्याची शक्यता वाढवत नेणारा डाव कोणालाच नको, त्याने फाइट संपतच नाही. एका फटक्यात बाद करणारा डाव नको. स्मोगनवाले लोक पोकेमॉनमध्ये हे असलेच नियम फार आधीपासून लावतात आणि त्यामागे भरपूर भांडणं झालेली आहेत, ती तुम्ही परत करायची गरज नाही. अरीनेच्या कार्डावर पाच ओळींपेक्षा जास्त मजकूर नको, आणि जे कार्डावर नाही ते त्या फाइटमध्ये नाही. "पण खऱ्या नदीत तर..." असं कोणी सुरू केलं की गेम चालवणाऱ्याने तिथल्या तिथं निर्णय द्यायचा, तो त्या फाइटपुरता शेवटचा, आणि फाइट संपल्यावर सगळ्यांनी बसून कार्ड सुधारायचं की नाही ते ठरवायचं. आठ राउंडनंतर कोणी जिंकलं नाही तर कोणाचे जास्त प्राणी उभे आहेत ते बघा, तेही सारखे असतील तर उरलेल्या एचपीची बेरीज.

रोल-प्लेइंगचा भाग पण सांभाळा. हा नुसता स्पर्धेचा गेम नाही, गोष्ट आहे, त्यामुळे रानात अचानक भेटलेल्या प्राण्याशी होणारी फाइट तीन राउंडांत थांबवा आणि विचारा, हा प्राणी पळतोय, थांबतोय का तुमच्यामागे येतोय. जंगली प्राणी मरेपर्यंत लढत नाहीत. शून्य एचपी म्हणजे घायाळ, मेला नाही, आणि घायाळ प्राण्याला पुढच्या अरीनेत उतरवायचं तर त्याच्या मालकाने गोष्टीत काहीतरी केलं पाहिजे, औषध आणलं, रात्रभर जवळ बसला, काहीतरी. माझ्या टेबलावर लोकांना आपल्या प्राण्यांबद्दल जीव लागतो तो जिंकल्यामुळे कमी आणि या असल्या रात्रींमुळे जास्त, त्यामुळे याला घाईत उरकू नका.

टेस्टिंग असं करा. तेच दोन टीम घ्या, तीच अरीना, चार-पाच फाइट, आणि प्रत्येक फाइटनंतर बाजू बदला म्हणजे अ ची टीम ब ने खेळायची. एकच टीम दोघांच्या हातात जिंकत असेल तर दोष टीममध्ये किंवा बाणांमध्ये, एकच माणूस दोन्ही टीमनी जिंकत असेल तर काही बिघडलेलं नाही, तो चांगला खेळतो. वहीत फक्त तीन गोष्टी लिहा: किती राउंड चालली, बदल किती वेळा झाले, आणि अरीनेमुळे कोणी आपणहून किती वेळा सरकलं. तिसरा आकडा शून्य आला तर ती अरीना भिंतीवरचं पोस्टर आहे, रूल वाढवून ती सुधारणार नाही, तिचं घड्याळ बदला. आणि दोन्ही बाजू सारख्या सरकतच बसल्या, कोणी मारतच नाही, तर झोन जास्त झालेत, एक कमी करा.

पहिल्या महिन्यात आखाडा, नदीपात्र आणि मेमधली टेकडी एवढ्याच तीन खेळा, लेणी चौथी. फासे सात डाइसच्या एका सेटमध्ये सगळे येतात, दोघांत एक सेट चालतो. कार्डं आधी साध्या कागदावर पेन्सिलीने लिहा आणि निदान महिनाभर छापू नका, कारण छापलेलं कार्ड खोडायला हात धजत नाही. नदीपात्राचं कार्ड लिहून झालं की मला दाखव, पाणी चढायचे आकडे तुमच्या एचपीशी जुळतात का ते बघून सांगतो.